मामा जाफन्यात होता : शांतिसेनेबद्दल नेटवर काय वाचायचं आणि कसं?

रामबाग_इंदूर · सोमवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. विषय मनाला लागलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

माझा मोठा मामा फौजेच्या सिग्नल्समध्ये, म्हणजे संदेशवहनाच्या विभागात होता. जबलपूरला ट्रेनिंग झालं, मग देशभर पोस्टिंग, आणि हवालदार म्हणून रिटायर झाल्यावर इथेच सुदामा नगरात घर बांधलं. १९८७ च्या ऑगस्टमध्ये तो भारताच्या शांतिसेनेबरोबर श्रीलंकेला, तिथल्या उत्तरेकडच्या जाफन्याला गेला आणि पुढच्या पावसाळ्यात परत आला. आम्हाला एवढंच माहीत. ह्या चैत्रात तो गेला. मामीनं त्याची काळी ट्रंक उघडली तेव्हा तळाशी एकवीस पत्रं निघाली. आजीला लिहिलेली, आजीनं जपलेली. मी ती तारखेनं लावली. ९ ऑक्टोबरला एक पत्र आहे, त्यानंतरचं थेट १ नोव्हेंबरचं. मधल्या बावीस दिवसांचं काहीच नाही.

मामी म्हणते, लग्न झाल्यापासून बघतेय, नरकचतुर्दशीच्या पहाटे हा माणूस अंघोळ करून गच्चीवर जाऊन बसायचा, फराळाला हाक मारली तरी खाली यायचा नाही. तिला आता कळायला हवंय की तिथं काय झालं होतं. तिनं मला विचारलं, "तुझ्या त्या नेटवर असेल ना सगळं?"

मी पंधरा दिवस वाचतेय. एका पानावर आपले जवान एक हात पाठीमागे बांधून लढले, अशी कहाणी. दुसऱ्या पानावर त्याच गावात, त्याच आठवड्यात इस्पितळात घुसून माणसं मारल्याची कहाणी. दोन्ही लिहिणाऱ्यांना तिळमात्र शंका नाही. मी मामीला काय वाचून दाखवू? कोणी ह्यातून गेलं असेल तर सांगा.

दौलतगंज_ग्वाल्हेर · सोमवार, रात्री ११.५५

ताई, मी शाळेत इतिहास शिकवतो. आधी तारखा पक्क्या करून घ्या, कारण ह्या विषयावरची निम्मी भांडणं तारखा मागेपुढे केल्यामुळे होतात.

२९ जुलै १९८७ ला कोलंबोत राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी करारावर सह्या केल्या. दुसऱ्या दिवशी मानवंदना घेताना एका श्रीलंकन नौसैनिकानं राजीव गांधींवर बंदुकीचा दस्ता उगारला, तो प्रसंग बहुतेकांनी पाहिलेला असतो. आपली फौज गेली ती तमिळ गट आणि श्रीलंकेचं सैन्य यांच्यामध्ये उभं राहायला. २६ सप्टेंबरला "वाघांचा" (म्हणजे एलटीटीई ह्या सशस्त्र तमिळ गटाचा) नेता तिलीपन उपोषणात वारला. ५ ऑक्टोबरला श्रीलंकेच्या ताब्यातल्या वाघांच्या माणसांनी सायनाइड खाल्लं, त्यात कुमारप्पा आणि पुलेंद्रन हे त्यांचे म्होरके होते. तिथून सगळं फिसकटलं आणि १० ऑक्टोबरच्या सुमारास ऑपरेशन पवन, म्हणजे वाघांकडून जाफना घेण्याची आपल्या फौजेची मोहीम सुरू झाली. मामांचं शेवटचं पत्र ९ तारखेचं आहे म्हणता. मग बावीस दिवस पत्र का नाही, ह्याचं पहिलं उत्तर इतकंच की ते दिवस प्रत्यक्ष लढाईचे होते. त्यापलीकडचा अर्थ इतक्यात काढू नका.

आता वाचायचं कसं. विकिपीडियाचा लेख उघडलात की आधी वर "चर्चा" आणि "इतिहास" हे दोन टॅब दाबा. कुठल्या वाक्यावरून किती वेळा ओढाताण झाली ते तिथं दिसतं. ज्या वाक्यावर सर्वात जास्त मारामारी, त्याच्या तळटीपेपर्यंत जा. पुष्कळदा दहा संकेतस्थळांवर तेच वाक्य तसंच्या तसं सापडतं आणि आपल्याला वाटतं दहा पुरावे मिळाले. ती दहा ठिकाणी चिकटवलेली एकच साक्ष असते. मूळ कोणी, कोणत्या साली, कुठे बसून लिहिलं हे मिळेपर्यंत वहीत उतरवू नका.

खजुरी_बाजार · मंगळवार, सकाळी ८.१०

मला हा धागा आवडला नाही, स्पष्ट सांगतो. हजाराहून जास्त जवान तिथं शहीद झाले. पाठवताना वाजतगाजत पाठवलं आणि परत आले तेव्हा मद्रासला स्वागताला मुख्यमंत्रीसुद्धा आले नाहीत. आता त्यांच्यातला एक जण गेल्यावर भाचीनं शत्रूची पानं वाचून मामावर संशय घ्यायचा? नेटवर बसलेले लोक आपल्या फौजेला बदनाम करायलाच बसलेत भिया. मामींना परमवीरचक्राची कहाणी वाचून दाखवा. मेजर रामस्वामी परमेश्वरन, महार रेजिमेंटची आठवी बटालियन, २५ नोव्हेंबर १९८७. छातीत गोळी लागल्यावर समोरच्याची रायफल हिसकावून लढलेला माणूस. आणि महार रेजिमेंटचं केंद्र आपल्याच सागरला आहे.

रामबाग_इंदूर · मंगळवार, सकाळी ९.३०

मी संशय घेत नाहीये हो. मामाच्या मांडीवर वाढलेय मी. मला फक्त तो कुठल्या दिवसांतून गेला ते कळायला हवंय. ते न कळता मी त्याचं कौतुक केलं तर ते कोणाचं तरी दुसऱ्याचं कौतुक होईल.

महूचा_फौजी · मंगळवार, दुपारी २.२०

पोरी, मीसुद्धा सिग्नल्सचाच. १९८८-८९ मध्ये श्रीलंकेतच वावुनियाला होतो, जाफन्याच्या लढाईत नव्हतो. म्हणून जे पाहिलं नाही त्यावर बोलणार नाही. खजुरीवाले भाऊ, तुमचा राग मला समजतो. मद्रासचं ते स्वागत माझ्याही पोटात अजून आहे. करुणानिधी आले नाहीत, ते त्यांनी ठरवून केलं होतं. पण मुलगी विचारतेय ते विचारू द्या.

आमच्या यूट्यूबवरच्या मुलाखतींबद्दल एक सांगतो. मी त्या सगळ्या बघतो, त्यातले काही ओळखीचे आहेत. एकाच्या तोंडून मी तीच चकमक १९९१ मध्ये मेसमध्ये ऐकलीय आणि आता पडद्यावर ऐकतो. तेव्हा पाच माणसं होती, आता पंधरा झालीत. तो खोटं बोलत नाही. तीस वर्षं तेच सांगता सांगता त्याला तसंच दिसायला लागलंय. म्हणून तुझ्या मामाची ती पत्रं सोन्याची आहेत. त्याच आठवड्यात लिहिलेली आहेत, आणि आईला लिहिलेली असली म्हणजे बढाई मारायचं कारण नव्हतं. पण हेही लक्षात ठेव की फौजी पत्रात जागेचं नाव लिहायची मनाई असते आणि आईला माणूस वाईट कधी लिहीत नाही. तेव्हा पत्रात "सर्व ठीक" असलं तर ते फक्त "जिवंत आहे" असं वाच.

आकड्यांचंही सांगतो. बहुतेक पानांवर १,१६५ ठार आणि ३,००९ जखमी असं मिळेल, काही ठिकाणी सरळ १,२०० लिहिलेलं असतं. फरक दिसला की लोक लगेच "लपवालपवी" म्हणतात. जखमी होऊन नंतर दवाखान्यात गेलेला, अपघातात गेलेला, मलेरियानं गेलेला, हे कुठल्या यादीत धरायचे यावर आकडा हलतो.

सयाजीगंज_बडोदा · मंगळवार, रात्री ९.०५

माझं माहेर बडोद्याचं, सासर तमिळ. सासूबाईंचे चुलतभाऊ १९८७ मध्ये जाफन्यात होते, म्हणून मी ह्या विषयात दुसऱ्या दारानं शिरले. तमिळ मला वाचता येतं, सावकाश.

रामबाग ताई, इस्पितळाचं जे वाचलंत ते टाळून पुढं जाऊ नका. २१ ऑक्टोबर १९८७, तमिळ लोकांची दीपावली त्याच दिवशी होती. जाफना टीचिंग हॉस्पिटलमध्ये त्या दिवशी आणि दुसऱ्या सकाळी मिळून ६० ते ७० माणसं गेली. रुग्ण होते, डॉक्टर, परिचारिका, कामगार होते. आपल्या फौजेचं म्हणणं आतून वाघांनी गोळीबार केला आणि चकमकीत माणसं सापडली. आत वाचलेल्यांची साक्ष अशी की वाघ आले होते पण सैनिक शिरले तेव्हा निघून गेलेले होते, आणि दुसऱ्या सकाळी बालरोगतज्ज्ञ डॉक्टर शिवपादसुंदरम हात वर करून, आम्ही डॉक्टर आहोत असं सांगत परिचारिकांबरोबर पुढे आले तेव्हा त्यांना गोळी घातली. आमच्या घरी हे नाव दीपावलीला अजून निघतं.

ही साक्ष कोणी लिहून ठेवली ते महत्त्वाचं आहे. जाफना विद्यापीठातल्या काही अध्यापकांनी. त्यांनी भारतीय फौजेबद्दल लिहिलं, तसंच वाघांबद्दल आणि श्रीलंका सरकारबद्दलही तितक्याच कडक शब्दांत लिहिलं. त्यांच्यातल्या राजिनी तिरणगम शरीररचनाशास्त्र शिकवायच्या. २१ सप्टेंबर १९८९ ला सायकलवरून घरी जाताना त्यांना गोळ्या घातल्या. वय ३५. ते काम वाघांचं होतं असंच त्यांचे सहकारी मानतात. जो माणूस तिन्ही बाजूंना नको होता त्याच्या शब्दाला मी जास्त वजन देते. हा काही नियम नाही, माझी रीत आहे.

भाषेचंही एक. तमिळ पान गुगलच्या भाषांतरातून वाचलंत तर मजकूर कळेल, पण लिहिणारा कुठे उभा आहे ते कळणार नाही. मूळ तमिळमध्ये "वीरच्चावु" हा शब्द दिसला की समजा लिहिणारा वाघांच्या बाजूचा. भाषांतरात तिथं नुसतं "मरण" येतं. आपलंही तेच आहे. आपण "वीरमरण आलं" लिहितो ते आपल्या माणसासाठी आणि "खात्मा" लिहितो ते समोरच्यासाठी. मी वाचताना मेल्याबद्दलचे सगळे शब्द पेन्सिलीनं गोल करते. पानाचा निम्मा स्वभाव तिथेच कळतो.

दौलतगंज_ग्वाल्हेर · बुधवार, सकाळी ७.१५

बडोद्याच्या ताईंनी फार मोलाचं लिहिलं. त्याला जोडून एक.

नूलगम नावाचं संकेतस्थळ आहे. श्रीलंकेतल्या तमिळ लोकांनी स्वतःची जुनी वर्तमानपत्रं, मासिकं, पुस्तकं स्कॅन करून तिथं फुकट ठेवलीत. १९८१ मध्ये जाफन्याचं सार्वजनिक वाचनालय जाळलं गेलं, सुमारे ९७,००० पुस्तकं गेली. त्या समाजाला कागद जपण्याची जी ओढ लागली ती त्या आगीतून आलीय असं मला वाटतं. पण ऑक्टोबर १९८७ चे तिथले अंक शोधायला गेलात तर एक गोष्ट आधी माहीत असू द्या. लढाईच्या तोंडावर आपल्या फौजेनं "ईळमुरसु" आणि "मुरसोली" ह्या जाफन्याच्या दैनिकांचे छापखाने उडवले. म्हणजे तुम्हाला जे दिवस हवेत, नेमक्या त्याच दिवसांत तिथली छापील साक्ष तुटलेली आहे.

जाफना विद्यापीठावरची ती हेलिकॉप्टर कारवाईही बघा, ११-१२ ऑक्टोबरची रात्र. शीख लाइट इन्फन्ट्रीच्या तेराव्या बटालियनचे ३० जण उतरले, २९ गेले, एक कैदी झाला. पुढं ह्यावर पानंच्या पानं लिहिली गेली, अगदी कोण कुठल्या भिंतीआड होतं इथपर्यंत. ते सांगू शकणारे दोनच, तो एक जवान आणि त्याला पकडणारे. बाकीचा तपशील कोणी भरला, हे प्रत्येक वेळी विचारायचं.

सेनापतींची पुस्तकंही अशीच वाचायची. मेजर जनरल हरकिरत सिंग यांनी लिहिलंय की भारताचे तिथले उच्चायुक्त दीक्षित यांनी त्यांना बोलणीसाठी येणाऱ्या वाघांच्या प्रमुखाला, प्रभाकरनला पकडायला किंवा गोळी घालायला सांगितलं आणि आपण नकार दिला. वाचताना अंगावर काटा येतो. पण दीक्षित २००५ च्या जानेवारीत वारले आणि पुस्तक त्यानंतर आलं. उत्तर द्यायला माणूसच नाही. म्हणून मी ते खोटं म्हणत नाही, वहीत "एकाच बाजूचं" असं लिहून ठेवतो.

आणि संसद. राज्यसभेचे १९५२ पासूनचे वादविवाद संकेतस्थळावर आहेत. १९८७ च्या हिवाळी अधिवेशनातले श्रीलंकेवरचे प्रश्न काढा. मंत्र्यांची उत्तरं गुळगुळीत असतात, पण त्या महिन्यात खासदारांना काय ऐकू आलं होतं ते प्रश्नांतून कळतं. मी ह्याच वाटेनं जास्त शिकलो.

खजुरी_बाजार · बुधवार, रात्री १०.३०

मी काल तापलो होतो. राग गेलेला नाही, पण एक काम केलं.

माझ्या वडिलांना कात्रणं चिकटवायची सवय होती. माळ्यावरून १९८७ ची वही काढली. ऑक्टोबरची चौदा कात्रणं आहेत, सगळी हिंदी दैनिकांतली. आज बसून प्रत्येकीच्या सुरुवातीला कुठल्या गावाहून बातमी आहे ते बघितलं. नवी दिल्ली, नवी दिल्ली, मद्रास, कोलंबो, नवी दिल्ली. जाफन्याहून एकही नाही. वडील ती कात्रणं वाचून आम्हाला चहाच्या वेळी युद्ध समजावून सांगायचे. आम्हाला वाटायचं बाबांना सगळं माहीत आहे.

इस्पितळाबद्दल त्यात दोन ओळी आहेत, "अतिरेक्यांनी रुग्णालयाचा आश्रय घेतला" एवढंच. मेलेल्यांचा आकडा नाही. बडोद्याच्या ताई, मला तुमचं म्हणणं पटलंय असं मी म्हणणार नाही. पण त्या वहीत ते नव्हतं, हे मात्र खरं.

सयाजीगंज_बडोदा · बुधवार, रात्री ११.१०

दादा, एवढं बघितलंत हेच पुष्कळ. माझ्या सासरच्यांनीही १९८७ च्या आधी वाघांनी दुसऱ्या तमिळ गटांच्या पोरांना कसं मारलं ते कित्येक वर्षं घरात बोललं नाही. ते मी त्याच अध्यापकांच्या अहवालात वाचलं आणि सासूबाईंना विचारलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग एका मुलाचं नाव घेतलं.

महूचा_फौजी · गुरुवार, सकाळी ६.४०

पोरी, आता तुझ्या कामाचं.

मामा इस्पितळात होता की नव्हता हे तुला नेटवर मिळणार नाही. उगाच रात्र रात्र जागू नकोस. सिग्नल्सचा जवान एखाद्या ब्रिगेडच्या मुख्यालयाशी किंवा बटालियनशी जोडलेला असतो. जो सेट घेऊन बसतो तो पुष्कळदा काही बघत नाही, पण सगळं ऐकतो. कानाला लावलेल्या डब्यातून दिवसभर माणसं ओरडत असतात. हे मी वावुनियाचं सांगतोय, जाफन्याचं नाही. तो दिवाळीच्या पहाटे गच्चीवर का बसायचा ह्याला हेही कारण असू शकतं.

पत्रांवर फील्ड पोस्ट ऑफिसचा शिक्का आहे का बघ. त्यावरून गाव कळणार नाही, पण नंबर बदलला असेल तर युनिट हललं ती तारीख हाती येते. आणि ट्रंकेत डिस्चार्ज बुक असेल, त्यात कुठल्या युनिटला कधी जोडला ते लिहिलेलं असतं. नसेल तर मामींच्या सहीनं जबलपूरला सिग्नल्स रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करा. आर्मी नंबर, नाव, हुद्दा, पीपीओची (पेन्शनच्या आदेशाची) झेरॉक्स. विधवेला उत्तर देतात, वेळ लागतो.

दौलतगंज_ग्वाल्हेर · गुरुवार, सकाळी ८.००

युनिट कळलं की युनिटच्या नोंदींचाही प्रश्न येईल. जून २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयानं युद्धाच्या इतिहासाचे कागद साधारण २५ वर्षांनी खुले करण्याचं धोरण जाहीर केलं. त्या हिशोबानं १९८७ चे कागद केव्हाच वयात आले. माहितीच्या अधिकारात मागून बघता येईल. सुरक्षेचं कलम दाखवून नाकारलं तरी नकाराचं पत्र फाइलला लावा. कोणता कागद अस्तित्वात आहे हे कधीकधी नकारातूनच कळतं.

रामबाग_इंदूर · शनिवार, संध्याकाळी ७.२०

सगळ्यांचं वाचलं. काल दिवसभर मामीकडे होते.

शिक्के भिंगातून बघितले. ९ ऑक्टोबरच्या आणि १ नोव्हेंबरच्या पत्रावरचे नंबर वेगळे आहेत. फौजी काका, तुम्ही म्हणालात तसंच. म्हणजे त्या बावीस दिवसांत तो हलला. १ नोव्हेंबरचं पत्र सहा ओळींचं आहे. पाऊस आहे, मी ठीक आहे, बॅटरी मिळत नाही म्हणून रेडिओ ऐकत नाही, ह्या वर्षी फराळ पाठवू नका. आजीनं त्याच्या मागे पेन्सिलीनं लिहिलंय, "चकल्या केल्या नाहीत." हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं.

मी मामीला दोन्ही वाचून दाखवलं. आधी हे पत्र, मग बडोद्याच्या ताईंनी सांगितलेली इस्पितळाची साक्ष. आधी ठरवलं होतं की साक्ष थोडी गाळून वाचेन. वाचायला बसल्यावर ते जमलं नाही, पूर्ण वाचली. मामी डॉक्टरांच्या नावापाशी थांबवून म्हणाली, परत म्हण. मी परत म्हटलं. तिनं ते नाव माझ्याकडून वहीत लिहून घेतलं. मग म्हणाली, "ह्यांनी सांगितलं असतं तर मीपण गच्चीवर जाऊन बसले असते."

आता एक फाइल केलीय, तारखेनं लावलेली. करार, तिलीपन, मामाचं ९ तारखेचं पत्र, छापखाने, विद्यापीठ, इस्पितळ, १ नोव्हेंबरचं पत्र, मेजर परमेश्वरन. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात कोणी लिहिलं आणि किती वर्षांनी लिहिलं ते टाकलंय. खजुरीवाले दादा, तुमच्या वडिलांच्या वहीतल्या त्या दोन ओळींच्या पानाचा फोटो मिळाला तर तोही लावेन. तो त्याच आठवड्यातला आहे.

डिस्चार्ज बुक मिळालं नाही. अर्ज आज स्पीड पोस्टनं जबलपूरला पाठवला. मामीचा हात थरथरतो, सही जरा तिरकी आलीय. चालेल ना काका?

खजुरी_बाजार · शनिवार, रात्री ८.०५

फोटो उद्या सकाळी उजेडात काढून टाकतो. कागद पिवळा पडलाय, दिव्यात नीट येत नाही.

महूचा_फौजी · शनिवार, रात्री ८.३०

सही चालेल. बँकेतल्या सहीशी जुळली म्हणजे झालं. पीपीओची झेरॉक्स जोडलीस ना?

रामबाग_इंदूर · शनिवार, रात्री ८.३२

जोडलीय काका. दोन प्रती.